मांजरासाठी ओव्हनमध्ये भाजलेला माशाचा खाऊ : कुणी घरी केलाय का?

बुंदीवाली (ठाणे पश्चिम), २३ मे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आमची बुंदी चार वर्षांची, वजन चार किलो, पांढऱ्यावर पिवळे ठिपके. आम्ही चेंदणी कोळीवाड्याजवळ भाड्याने राहायचो तेव्हा जिन्याखाली जन्मली. शेजारच्या मावशी बाजार आटोपून आल्या की पाटीत उरलेली एखादी मांदेली तिच्यापुढे टाकायच्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही घोडबंदर रोडला फ्लॅटमध्ये आलो. डॉक्टरांनी सांगितलेलं पाकिटातलं खाणं ती आता नीट खाते, तब्येत चांगली आहे.

अडचण आहे पिंजऱ्याची. दवाखान्यात न्यायचा प्लॅस्टिकचा पिंजरा माळ्यावरून काढला की ही कपाटामागे. गेल्या वेळी लशीला नेताना आईने तिला धरलं आणि आईचा हात कोपरापर्यंत ओरबाडला गेला. आई हाताबद्दल एक शब्द बोलली नाही, पण रिक्षात बुंदी ज्या आवाजात ओरडत होती तो ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा असं करायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. पुढची लस ऑगस्टमध्ये आहे.

डॉक्टर म्हणाले, पिंजरा आजपासून हॉलमध्येच उघडा राहू दे. रोज आधी त्याच्या दारात, मग आत, तिच्या सगळ्यात आवडीचं काहीतरी द्या. दुकानातले तीन प्रकारचे खाऊ आणून झाले. ती हुंगते आणि निघून जाते. माशावर मात्र जीव टाकते. पण ओला मासा पिंजऱ्यातल्या चादरीवर ठेवून कसं चालेल? म्हणून कोरडा, बारीक, डबीत राहील असा माशाचा खाऊ घरी करायचा आहे. छोटा ओटीजी, म्हणजे विजेवरचा ओव्हन, आहे. मासा कोणता घ्यावा, काय घालावं, काय अजिबात घालू नये, दिवसाला किती द्यावा, सगळं सांगा.

गॅलरीतले दोन बोके (ऐरोली), २३ मे

जरूर करा. मी डब्यातल्या ट्यूनाचा करतो. डबा घेताना मागचं लेबल वाचा. 'ब्राइन' म्हणजे मिठाचं पाणी, तो नको. तेलातलाही नको. साध्या पाण्यातला मिळाला तरच घ्या, आणि तोही रोज नको, कारण ट्यूना दुसऱ्या माशांना खाऊन वाढतो आणि त्याच्या अंगात पारा साठत जातो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. माझ्या मोठ्या बोक्याची एकदा लघवी तुंबली. सारखा वाळूच्या पेटीत जाऊन बसायचा, जोर करायचा, थेंब नाही. आम्हाला वाटलं पोट साफ होत नसेल. त्यात अर्धा दिवस गेला. बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद असते. बारीक खडा किंवा चिकट गाळ अडकला की बंदच होते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. तो वाचला. तेव्हापासून त्याच्या तोंडात जाणारी प्रत्येक नवी गोष्ट मी आधी डॉक्टरांना विचारतो. बुंदीला हा धोका कमी आहे, पण धागा वाचून कुणी बोक्यासाठी खाऊ करणार असेल आणि त्याला असा त्रास होऊन गेला असेल, तर आधी विचारा. आणि कोरड्या खाऊबरोबर पाणी भरपूर. माझे बोके वाटीतलं पाणी पीत नाहीत, म्हणून घरात चार ठिकाणी पसरट भांडी ठेवली आहेत.

बेकरकाकू (कोपरखैरणे), २४ मे

बुंदीवाली, तुझ्या आईचं वाचून मन भरून आलं गं. माझ्याकडे नऊ वर्षं मांजर आहे आणि त्याहून जास्त वर्षं ओव्हन, तेव्हा सविस्तर लिहिते.

वाफवून काटे काढल्यावर वजन केलेला मासा दीडशे ग्रॅम, एक अंडं, आणि ओट्स कोरडेच मिक्सरमधून फिरवून केलेलं पीठ चाळीस ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी. बस्स, एवढंच. ओट्स नसतील तर तांदळाचं पीठ चालतं, पण खाऊ जरा दगडासारखा होतो. कणीकही चालते. पीठ फक्त बांधण्यापुरतं. ते वाढवलंस तर मांजराला त्याचा काही उपयोग नाही आणि मग ते तोंडही लावत नाही.

मासा पाण्यात उकळू नको. स्टीलच्या डब्यात ठेवून मोदकपात्रात वाफव. दहा-बारा मिनिटांत होतो, आणि सुटलेला रस डब्यातच राहतो. तो रस फेकायचा नाही, लागेल तसा पीठ मळायला घ्यायचा. उरला तर बर्फाच्या साच्यात घालून फ्रीजरमध्ये ठेव. उन्हाळ्यात एक खडा पाण्याच्या भांड्यात टाकला की मांजर पाणी पितं. बोकेवाल्या दादांनी हे नक्की करून बघावं.

काटे काढताना चष्मा लाव आणि चांगल्या उजेडात बस. मासा बोटांनी कुस्करायचा, चमच्याने नाही, काटा बोटालाच कळतो. दोनदा बघायचं. मगच मिक्सर.

गोळा शंकरपाळ्याच्या पिठापेक्षा सैल होतो, घाबरू नको. दोन बटर पेपरच्या मधे ठेवून वरून लाटणं फिरव. जाडी अर्धा सेंटिमीटर. वरचा कागद काढून शंकरपाळ्याच्या कातण्याने एक-एक सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या रेषा मार. मांजराचा खाऊ कुत्र्याच्या बिस्किटाएवढा करायचा नसतो. मांजर चावत कमी, तोडून गिळतं जास्त. ओव्हन १५० अंशांवर आधी तापव आणि २० ते २५ मिनिटं भाज. बाहेर काढून रेषांवर तुकडे मोड, सुटे पसर आणि १०० अंशांवर आणखी अर्धा तास, ओव्हनच्या दारात लाकडी चमचा अडकवून, म्हणजे वाफ बाहेर जाईल. ही दुसरी भाजणी गाळू नको. मधला ओलावा तिथेच जातो. पूर्ण गार झाल्याशिवाय डबीत भरायचं नाही.

काय घालू नये : मीठ, हळद, तिखट, बेकिंग पावडर, दूध, आणि कांदा-लसूण तर कुठल्याही रूपात नाही. लसणाची पावडरसुद्धा नाही. काही जणी मध किंवा गूळ घालतात. त्याचा काही अर्थ नाही, मांजराला गोड चव कळतच नाही. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलं : गोडाची चव ओळखायला जी दोन जनुकं लागतात त्यातलं एक मांजराच्या अंगात निकामी झालेलं आहे, आणि वाघ-चित्त्यांतही तेच. तेव्हा गूळ आपण खावा.

अजून एक. आपल्याकडे मासे घरात आले, धुतले, की हळद-मीठ-आगळ लावायला हात आपोआप जातो. मांजराचा वाटा त्याआधी वेगळा काढायचा. मी वाटीच वेगळी ठेवली आहे, पिवळ्या झाकणाची. त्या वाटीत गेलेल्या माशाला घरात कुणी हात लावत नाही.

खाडीकाठची (दिवाळे गाव, बेलापूर), २४ मे

बेकरकाकूंनी ओव्हनचं सांगितलं, मी माशाचं सांगते. आमचं घर कोळ्यांचं, आई अजून बाजारात बसते.

सुरमई आणि मोरी मांजरासाठी घेऊ नका. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दोन्ही मोठे शिकारी मासे, वर बोकेवाल्या दादांनी पाऱ्याचं लिहिलं तेच इथेही. जितका लहान मासा तितकं बरं. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झालं, ते त्याची संख्या घटत चालली आहे म्हणून. मांजरासाठी स्वस्तात मिळतात म्हणून पापलेटाची पिल्लं घेणारे लोक मी बघते आणि माझा जीव तुटतो. अंडी घालायच्या आधीच मासा उचलला तर पुढे काय मिळणार? आई ती विकत नाही, तुम्हीही विकत घेऊ नका.

बोंबील चवीला मांजराला आवडेल, पण ओव्हनच्या खाऊला नाही. त्यात पाणीच पाणी. वाफवला की हातात काही उरत नाही.

बांगडा आणि तारली सगळ्या मांजरांना वेड लावतात. स्वस्त, तेलकट, वास दूरवर जातो. पण ताजी हवी. हे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही, भाजूनही जात नाही. असा बांगडा खाल्ला की माणसाच्या अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. चार किलोच्या जिवाला तो कशाला द्यायचा? डोळे फुगीर, कल्ले लाल, दाबल्यावर खड्डा न पडणारा, एवढं बघून घ्या. दुपारी दोन वाजता पाटीत राहिलेला अर्ध्या किमतीचा बांगडा मांजरासाठी म्हणून घेऊ नका. आईकडे असं मागायला रोज कुणीतरी येतं, आई नाही म्हणते.

मांदेली. बुंदीला जन्मापासून माहीत असलेली. हिचे काटे बोटांनी निघणार नाहीत, ते केसासारखे असतात. डोकी आणि पोट काढून, थोड्याच पाण्यात, कुकरची शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवायची. मग मधला काटा बोटांत धरून चुरडायचा. पीठ झाला तर ठीक. जरा जरी टोचला तरी पुन्हा कुकर. कच्चा राहिलेला काटा ओव्हनमध्ये भाजून कडक होतो आणि तोच घशात अडकतो.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपा मासा म्हणजे ढोमा. पांढरं मांस, मधला काटा सरळ, वास कमी, भाव आवाक्यात. मुडदुशी त्याहून छान, पण महाग. मोठे ढोमे घ्या, बारीक ढोम्यांत काढत बसावं लागतं.

आणि लवकर करा. १ जूनपासून यांत्रिक होड्या बंद, ३१ जुलैपर्यंत. त्या काळात बाजारात बर्फातला जुना माल येतो, किंवा बिनयांत्रिक होडीने खाडीतून आणलेलं थोडंफार, किंवा तळ्यातला रोहू-कटला. रोहूचे दुहेरी काटे काढणं फार किचकट आहे, त्या वाटेला जाऊ नका.

वागळेकर (ठाणे), २४ मे

एवढा खटाटोप कशाला? सुकट आणायची, तव्यावर भाजायची, मूठभर डबीत. आमची आजी मांजराला हेच द्यायची.

खाडीकाठची, २५ मे

दादा, आजींच्या सुकटीत मीठ नव्हतं. वलांडीवर वाळवलेले बोंबील, खळ्यावर वाळवलेला जवळा, हे बिनमिठाचे असतात. पण बाजारातलं सगळं सुकं तसं नसतं. खारवलेला बांगडा, खारी सुरमई, काही ठिकाणचे सोडे, यांत मीठ ठासून भरलेलं असतं आणि नुसतं बघून कळत नाही. आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघा. खारट लागलं तर मांजराला नाही. बिनमिठाचा जवळा असेल तर निवडून, वाळू झटकून, दोनदा धुऊन पुन्हा कोरडा भाजून चिमूटभर द्यायला हरकत नाही. जवळ्यातली वाळू आपल्या दाताखाली येते तेव्हा आपण थुंकतो, मांजर गिळतं.

तळवलीकर (घणसोली), २५ मे

मी तर मोतीला तीन वेळा मासे-भातच घालतो. पाकिटाचं खाणं म्हणजे पैशाचा चुराडा. आमच्या गावात मांजरं पिढ्यान्‌पिढ्या मासे खाऊन जगली. कच्चा मासा तर सगळ्यात नैसर्गिक. भाजून त्यातलं सत्त्व कशाला घालवायचं?

दवाखान्यातली (नेरूळ), २५ मे

मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. डॉक्टर नाही, पण रोज बघते म्हणून लिहिते. तळवलीकर दादा, तुमचं मोतीवर प्रेम आहे हे वाचतानाच कळतं, म्हणूनच नीट ऐका.

आधी कच्च्या माशाचं. तारली-मांदेलीच्या घराण्यातल्या कित्येक माशांत एक द्रव्य असतं, ते बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, मोडून टाकतं. फ्रीजरमध्ये ठेवून ते जात नाही, शिजवलं की जातं. रोज कच्चा मासा खाणारं एक मांजर आमच्याकडे आलं होतं. मान खाली वाकलेली, उचलता येईना, चालताना झोकांड्या, बाहुल्या मोठ्या झालेल्या. घरच्यांना वाटलं कुठून तरी पडलं. थायमिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर सुधारलं, पण ते वेळेत आणलं म्हणून. तेव्हा या बाबतीत भाजणं-शिजवणं म्हणजे सत्त्व घालवणं नाही, वाचवणं आहे.

दुसरं टॉरिन नावाचं पोषक द्रव्य. मांजराच्या शरीराला ते पुरेसं तयार करता येत नाही, खाण्यातूनच लागतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगतं. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत उघड झाला, आणि त्यानंतर पाकिटातल्या खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. भातात टॉरिन नाही. माशात असतं, पण ते पाण्यात उतरतं आणि आपण ते पाणी ओतून देतो. बेकरकाकूंनी रस पिठात घ्यायला सांगितला तो म्हणूनच मला फार आवडला.

तिसरं, रोज नुसते तेलकट मासे आणि ई जीवनसत्त्व कमी, असं बरेच महिने चाललं की अंगातली चरबी सुजते. अशा मांजराला पोटाला हात लावलेला सहन होत नाही.

गावातली मांजरं मासे खाऊन जगली हे खरं. पण ती उंदीर, पाली, पक्षीही खातात, आतड्या-काळजासकट. मोती फ्लॅटमध्ये आहे, त्याला उंदीर मिळत नाही. त्याच्या ताटलीत तुम्ही जे ठेवाल तेवढंच त्याचं जग.

खाऊबद्दल नियम साधा आहे : दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपर्यंत, बाकी पूर्ण आहार. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊ २० कॅलरीच्या आत.

आणि लसणा-कांद्याचं पुन्हा सांगते, कारण आमच्याकडे येणाऱ्यांत रव्यात तळलेल्या बांगड्याचं वाटण चाटलेली मांजरं असतात. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. लगेच काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढऱ्या, लघवी गडद, मांजर कोपऱ्यात. तोवर घरचे विसरून गेलेले असतात की रविवारी काय दिलं होतं.

तळवलीकर, २५ मे

ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मोती सात वर्षांचा आहे. उद्या त्याला तपासायला नेतो. लगेच पाकिटावर आणू का?

दवाखान्यातली, २५ मे

एकदम नको. आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत न्या. मांजराने रागावून दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचते, आणि ते फार गंभीर असतं, जाड मांजरात तर जास्तच. 'भूक लागली की खाईल' हे मांजराच्या बाबतीत करू नका. डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या, डोळेही दाखवा.

बेकरकाकू, २६ मे

मी हिशेब करून बघितला. दीडशे ग्रॅम पांढरा मासा दीडशेच्या आसपास, अंडं सत्तर, ओट्स दीडशे. सगळे मिळून ३७० कॅलरी धरा. माझ्या मापाने लाटलं तर एक सेंटिमीटरचे साडेचारशेच्या वर तुकडे पडतात. म्हणजे एक तुकडा एक कॅलरीसुद्धा नाही. बुंदीला दिवसाला दहा-बारा दिलेस तरी मर्यादेच्या अर्ध्यात आहेस. बांगडा घेतलास तर जरा जास्त धर.

बुंदीवाली, ३० मे

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पहिला घाणा झाला. दोन मोठे ढोमे जांभळी नाक्याहून आणले, काकूंच्या मापाने केलं. दुसऱ्या भाजणीला घाई केली, वीस मिनिटांतच काढलं. बाहेरून कडक, आत मऊ राहिलं. वास मात्र असा की ओव्हनचं दार उघडायच्या आधीच बुंदी ओट्याखाली येऊन बसली. एक तुकडा जमिनीवर ठेवला. हुंगला, चाटला, तोडला, खाल्ला आणि माझ्या पायावर डोकं घासलं. दुकानातल्या कशालाही तिने असं केलं नव्हतं.

पिंजऱ्यापासून चार हातांवर तिसरा तुकडा ठेवला. तोही खाल्ला. आजच्यापुरतं एवढंच.

एक विचारायचं आहे. वरच्या मजल्यावर शाकाहारी कुटुंब आहे. तिथल्या काकू फार चांगल्या आहेत, आई आजारी होती तेव्हा महिनाभर डबा दिला. त्यांना वासाचा त्रास होऊ नये असं वाटतं.

बेकरकाकू, ३० मे

आधी त्यांना जाऊन सांग, कधी करणार आहेस ते. सांगून केलं की अर्धा वास कमी येतो. मी दुपारी साडेतीनला करते, कुणाच्या जेवणाची वेळ नसते आणि खिडक्या उघड्या असतात. बांगडा-तारलीऐवजी ढोमा केलास हे त्या दृष्टीनेही बरं झालं. ओव्हन कोमट असतानाच लिंबाच्या पाण्याने पूस, आणि माशाचा ट्रे वेगळा ठेव. माझ्या नातवाच्या वाढदिवसाच्या केकला एकदा बांगड्याचा वास लागला होता, तेव्हापासून दोन ट्रे.

गॅलरीतले दोन बोके, ३१ मे

तुकडा कधी देता ते महत्त्वाचं आहे. ती पिंजऱ्याकडे स्वतःहून गेली की त्याच क्षणी द्यायचा. दोन मिनिटांनी दिला तर तिला कळत नाही कशाबद्दल मिळाला. आणि तिला उचलून आत ठेवून वर खाऊ देणं, हे तर अजिबात नको. माझ्याकडून हे झालं होतं. त्यानंतर बोका खाऊची डबी वाजली तरी पळायचा. महिना गेला ते विसरायला.

वागळेकर, २ जून

आमच्या सोसायटीच्या मागे खोकली उगवते. मुळं उपटली की आसपासची सगळी मांजरं त्यावर लोळतात. ती वाळवून खाऊत घातली तर?

दवाखान्यातली, २ जून

खोकलीच्या मुळाचं मांजरांना वेड असतं, बरोबर आहे. परदेशात कॅटनिप नावाची वनस्पती असते तसंच. पण पोटात द्यायला नको, त्याचं प्रमाण मला माहीत असलेल्या कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मूळ धुऊन पिंजऱ्यातल्या चादरीवर नुसतं घासून ठेवा, नंतर काढून घ्या. लोळून येऊ दे.

बुंदीवाली, ९ जुलै

वाईट बातमी आधी. तिसऱ्या घाण्याची डबी ओट्यावरच ठेवली होती. पाऊस कोसळतोय, घरात कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल. चौथ्या दिवशी डबी उघडली तर तळाच्या तुकड्यांवर पांढरी लव. वरचे तुकडे स्वच्छ दिसत होते. आई म्हणाली वरचे चांगले आहेत, उन्हात ठेवूया. मी ऐकलं नाही, सगळे फेकले. बरोबर केलं ना? सकाळी त्याच डबीतले चार तुकडे तिला दिले होते. दिवसभर मी तिच्यामागे फिरते आहे. खाणं-पिणं नेहमीसारखं आहे, उलटी नाही.

दवाखान्यातली, ९ जुलै

बरोबर केलंत. बुरशी दिसते तिथेच नसते, तिची मुळं आत पसरलेली असतात. आज-उद्या लक्ष ठेवा. उलटी, जुलाब, थरथर किंवा सुस्ती दिसली तर लगेच न्या. सध्या तरी ठीक वाटतंय.

बेकरकाकू, १० जुलै

माझी चूक, मी पावसाळ्याचं लिहायला हवं होतं. आपल्या नवी मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर पापडसुद्धा सादळतात, तिथे मासा-अंड्याच्या खाऊची काय कथा. या चार महिन्यांत डबी फ्रीजरमध्येच. सकाळी दहा तुकडे वाटीत काढायचे, संध्याकाळपर्यंत संपवायचे, उरले तर टाकून द्यायचे. फ्रीजरमध्येही महिन्याच्या वर ठेवत नाही मी. आणि घाणा अर्धाच कर. अंडं फेटून अर्धं घे, उरलेल्याचं ऑम्लेट आईला.

तळवलीकर, १४ जुलै

मोतीचं कळवायचं राहिलं. हृदय ठीक आहे. डोळ्यांत मागच्या पडद्यावर थोडा बदल दिसला, डॉक्टर म्हणाले जे गेलं ते परत येणार नाही, पण पुढे जाऊ नये म्हणून आहार बदला. अकरा दिवस लागले, आता पूर्ण आहारावर आहे. रात्री मी जेवायला बसलो की अजूनही माझ्या ताटाजवळ येतो. तेव्हा त्याला काकूंच्या पद्धतीचे पाच तुकडे देतो. दवाखान्यातल्या ताई, तुम्ही त्या दिवशी दटावलं नाहीत, समजावलंत. त्यामुळेच मी गेलो.

बुंदीवाली, १९ ऑगस्ट

आज लस झाली.

क्रमाने सांगते. जूनअखेर ती पिंजऱ्याच्या दारात बसून खायला लागली. जुलैत पुढचे दोन पाय आत. बुरशीच्या प्रकारानंतर आठवडाभर मीच घाबरून खाऊ बंद ठेवला, त्यात थोडं मागे पडलो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी काम करत होते आणि आईने हाक मारली. बुंदी पिंजऱ्यात झोपली होती. खाऊ नव्हता, कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही दोघी कितीतरी वेळ तिथेच उभ्या.

मग दार लावायचा सराव. आधी तीन सेकंद, एक तुकडा, उघडलं. मग अर्धा मिनिट. मग उचलून लिफ्टपर्यंत आणि परत.

आज सकाळी आईनेच पिंजरा उचलला. मी म्हटलं मी घेते, तर म्हणाली, नको, मागच्या वेळी तिने मला घाबरून ओरबाडलं होतं, या वेळी मीच नेते. रिक्षात दोनदा बारीक आवाज केला, बस्स. आईने जाळीतून एक तुकडा दिला तर तिने खाल्ला. डॉक्टर म्हणाले घाबरलेलं मांजर खात नाही, ही खाते आहे म्हणजे तुम्ही जिंकलात. सुई टोचून झाल्यावर टेबलावरून ती स्वतःच पिंजऱ्यात शिरली.

आता डबीत सात तुकडे उरलेत. खाडीकाठची, ढोमा मिळतोय का हल्ली?

खाडीकाठची, १९ ऑगस्ट

वाचून आईला दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

होड्या परत जाऊ लागल्यात, ढोमा चांगला येतोय. शनिवारी सकाळी सातच्या आत दिवाळ्याच्या बाजारात या, आई चार मोठे बाजूला ठेवील. साफ करून देईल, डोकी वेगळी.

बुंदीवाली, १९ ऑगस्ट

येते. आईलाही घेऊन येते. पिवळ्या झाकणाची वाटी मीही घेतली आहे, तीच आणते.